हरभऱ्याएवढा तेजोमेघ

माघाची थंडी पडली की लोकांना काय काय सुचतं. कुणाला हुरडा आठवतो, कुणाला नवी गोधडी शिवावीशी वाटते, आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांना तर पहाटे फिरायला जायची दुर्बुद्धी होते आणि जाता जाता ते साऱ्या आळीला उठवून जातात. मला फक्त चिडचिड सुचते. दिवेलागणीला मी अंगणात येते, मान वर करते, मृग नक्षत्र छान वर आलेलं असतं, आणि नेमक्या त्याच घटकेला अख्ख्या नंदुरबारच्या चुली पेटतात. चुलीत यंदाच्या पऱ्हाट्या. कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या त्या वाळक्या काटक्यांचा धूर कसा असतो, ते खानदेशात राहिल्याशिवाय कळायचं नाही. तो वर जात नाही, बाजूला सरत नाही, घरजावयासारखा जागच्या जागी बसून राहतो. मृगाच्या पोटातल्या बाणाच्या तीन चांदण्या कशाबशा दिसतात, आणि त्यांच्याखालचं जे मला बघायचं असतं ते दिसत नाही. मग मी पाय आपटत आत येते. ह्यांचं ठरलेलं वाक्य असतं, "अगं, ते काय आज नवीन आहे?" नवीन नाही म्हणून तर चिडायचं.

बाणाच्या खाली बारीक चांदण्यांची एक ओळ लोंबते. तिच्यातली मधली चांदणी ही चांदणी नाहीच. डोळे अंधाराला सरावले की ती पुसट दिसते, ओलं बोट फिरवल्यासारखी. तो तेजोमेघ. आतून उजळलेला वायूचा ढग. त्याचा फोटो काढायचा म्हणून मी आणि ह्यांनी एक अख्खा हिवाळा तापीकाठच्या एका वावरात घालवला, त्याला आता सात-आठ वर्षं झाली. लढाई सुरू होती. शहाणी माणसं रॉकेल कुठे मिळेल याची काळजी करत होती आणि आम्ही रॉकेलचे दिवे बंद करा म्हणून लोकांच्या पाया पडत होतो.

दुर्बीण म्हटली की लोकांना लांबलचक नळकांडं आठवतं. आमची तशी नव्हती. आखूड, रुंद तोंडाची, दिसायला धान्य मोजायच्या मापासारखी. हे इंग्रजी शाळेत विज्ञान शिकवत. गावातला एक फोटोवाला धंदा आवरून सुरतेला मुलाकडे निघाला होता. माणसांचे फोटो काढायचं त्याचं जुनं पितळी भिंग, चांगलं वाटीएवढं, ह्यांनी शिमग्यापर्यंत मागून आणलं आणि सागवानी पेटीच्या तोंडाला बसवलं. एवढ्या रुंद भिंगात आकाशाचा मोठा तुकडा एकदम मावतो आणि उजेडही भरपूर आत येतो. शिमग्यानंतर भिंग सुरतेला जाणार होतं. फोटोच्या काचांचा डझनाचा एक शेवटचा डबा त्याच माणसाकडे उरला होता, नव्या काचा लढाईमुळे यायच्या बंद झाल्या होत्या. म्हणजे एक भिंग, बारा काचा आणि शिमग्याआधीच्या चार अमावास्या. एवढ्यात फोटो आला तर आला, नाहीतर पुन्हा कधी येणार नव्हता. हे मला पहिल्या दिवसापासून कळलं होतं आणि ह्यांना शेवटच्या दिवसापर्यंत कळलं नाही.

तुला कशाला हवा गं तो फोटो, असं तेव्हा नणंदेने विचारलं होतं. तिच्याकडे मी मुलीला ठेवून जात असे, त्यामुळे तिला विचारायचा हक्क होता. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. खरं कारण सांगायची लाज वाटली. बारा वर्षं मी भाकऱ्या थापत होते आणि त्या रोज संपत होत्या. सारवलेलं उखडत होतं, धुतलेलं मळत होतं, निवडलेल्या डाळीत पुन्हा खडे सापडत होते. मला आयुष्यात एक गोष्ट अशी करायची होती की जी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागणार नाही.

खरं तर हा नाद ह्यांचा. पण आकाशाचा फोटो म्हणजे 'हसा' म्हटलं आणि झालं, असं नसतं. तास-दीड तास भिंग उघडं ठेवायचं, आणि तेवढ्या वेळात आकाश पुढे सरकत राहणार. म्हणून सगळी पेटी एका लाकडी कण्यावर बसवलेली, कणा ध्रुवाकडे रोखलेला, आणि त्याला बारीक आट्यांचा एक लांब स्क्रू. तो हाताने हळूहळू पिळत राहायचं. पेटीच्या बगलेला दुसरी एक बारकी दुर्बीण बांधलेली. तिच्यात एक तारा बघायचा आणि दोन आडव्याउभ्या तंतूंच्या मध्यावर त्याला धरून ठेवायचा. तंतू कापसाचे. डोक्याचा केस जाड पडतो, आणि कोळ्याच्या जाळ्याला मी हात लावत नाही. सरकी काढायच्या जिनातून लांब धाग्याच्या कापसाचं बोंड आणलं, त्यातले दोन तंतू काढून डिंकाने चिकटवले. पहिले सात तुटले.

पहिल्या रात्री तारा ह्यांनी धरला. चौथ्या मिनिटाला ह्यांना खोकला आला, नवव्या मिनिटाला पायाला मुंग्या आल्या आणि अकराव्या मिनिटाला विश्वाच्या अफाटपणाविषयी बोलावंसं वाटलं. काच धुतली तेव्हा एकेका ताऱ्याची शेवई झालेली. दुसऱ्या रात्री मी बसले. बासुंदी आटवताना हात थांबू द्यायचा नसतो, घाईही करायची नसते, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. माझे तारे टाचणीच्या टोकासारखे आले. ह्यांनी काच उन्हाकडे धरून बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि तेव्हापासून तारा धरायचं काम माझं झालं. ह्यांच्याकडे उरलं ते काच पेटीत घालायचं काम. त्यातली एक काच ह्यांनी उलटी घातली. दीड तास मी बसले होते, मान मोडेपर्यंत.

नंदुरबारात जिनांचे दिवे रात्रभर जळत, म्हणून आम्ही गाडीने तापी उतरून पलीकडे, शहाद्याच्या बाजूला जात असू. तिथल्या गुजर पाटलांच्या घरातले मगनकाका ह्यांच्या ओळखीचे. त्यांचा पुतण्या ह्यांच्या हाताखाली शिकलेला. वावराच्या उत्तर टोकाला विहीर, विहिरीजवळ कुडाची एक खोली, आणि पुढे नदीपर्यंत हरभरा. खोली आम्हाला मोकळी करून दिली, बाज दिली, रोज संध्याकाळी दुधाची चरवी पाठवली. अशा माणसावर चिडायचं म्हणजे आपणच कृतघ्न ठरायचं. तरी मी चिडले. मार्गशीर्षातली गोष्ट. तारा मध्यावर, हात लयीत, पाऊण तास झालेला, अशी रात्र पुन्हा मिळायची नाही. आणि पायवाटेवरून एक उजेड डुलत डुलत येताना दिसला. मगनकाका स्वतः, हातात मोठी वात केलेला कंदील.

"मास्तरीनबाई, आंधारामा काब्र बठी ऱ्हायनात? घरनी लेकले आंधारामा बठाडतस का कोनी? ल्या, कंदील ल्या!"

"अहो, विझवा! विझवा तो!" हे ओरडले.

काका जागीच थबकले. "ईझाडू? तिन्हीसांजना लायेल दिवा कोनी ईझाडस का मास्तर?"

'विझवा' हा शब्द ह्यांनी उच्चारायलाच नको होता, दिवा मालवा म्हणतात हे शेंबड्या पोरालाही कळतं. काका बिचारे दुखावले आणि कंदील हातात धरून, तो का मालवू नये हे आम्हाला शांतपणे समजावत पाच मिनिटं तिथेच उभे राहिले. भिंगाच्या अगदी समोर. काच धुतली ती डोक्यापासून पायापर्यंत काळी ठिक्कर. आमच्या धंद्यात उजेड काळा उमटतो. पाहुण्याला अंधारात बसवायचं नाही हा त्या घराचा धर्म होता, आणि आम्हाला अंधाराखेरीज काहीच नको होतं. हे त्यांना पटवता पटवता पौषाची अमावास्या उजाडली. तेव्हापासून ते दिवा न घेता यायचे आणि अंधारात माझ्या स्टुलाला अडखळायचे.

दव हा तर स्वतंत्र शत्रू. भिंग गार पडलं की त्यावर दव धरतं आणि तारे विरघळून जातात. मी भाजलेल्या ज्वारीच्या पुरचुंड्या करून भिंगाभोवती बांधत असे, ऊब राहावी म्हणून. दव थांबलं. मुंग्या आल्या. थंडीत मुंग्या बाहेर पडत नाहीत असं ह्यांनी मला शास्त्राधाराने सांगितलं होतं. मग ते शास्त्र मुंग्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. एक मुंगी पेटीत शिरून काचेवर मेली, ती एका फोटोत मृगाच्या खांद्याजवळ अजून आहे.

पण सगळ्यात जास्त वैताग दामजीच्या शेकोटीचा.

दामजी हा मगनकाकांचा रखवालदार. खापर गावाच्याही पलीकडचा, सातपुड्यातला भिल्ल. पावसाळ्यानंतर डोंगर उतरून यायचा आणि शिमग्याला परत जायचा. चाळिशीचा, सडपातळ, आणि बोलण्यात कुणाला हार न जाणारा. नदीकाठच्या झाडोऱ्यातून रात्री रानडुकरं वर येत, म्हणून दक्षिणेच्या बांधावर त्याची शेकोटी आणि हाताशी रॉकेलचा रिकामा डबा. डुकरांची चाहूल लागली की डबा बडवायचा. दक्षिण बांध म्हणजे नेमका मृगाच्या खाली. शेकोटीचा धूर आणि उजेड थेट भिंगात, आणि डबा वाजला की मी दचकायचे, स्क्रू हिसकायचा, तारा सुटायचा. पौषातल्या दोन काचा त्या डब्याने खाल्ल्या. मी तणतणत बांधावर गेले की तो शांतपणे विचारायचा.

"बाई, तो तारा काय बकरी शे का, धरी ठेवाले?"

"तारा पळत नाही रे. आपण फिरतो. पृथ्वी फिरते."

"मंग पृथवीले धरा ना."

तारे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होते. सप्तर्षींना तो खाटलं म्हणायचा, आणि मृगाचा बाण कुठे आला यावरून रात्र किती उरली ते सांगायचा. ह्यांच्या घड्याळाशी मी ताडून पाहिलं, पाव तासाहून जास्त फरक कधी पडला नाही. ते पुसट काहीतरी त्यालाही दिसत होतं. मी विचारलं, तुमच्याकडे त्याला काय म्हणतात? तो म्हणाला, काही नाही, दिसतं म्हणून दिसतं. मला त्याचा राग आला. सगळ्या गोष्टींना नावं असावीत असं मला तेव्हा वाटे.

त्याला काही नियम घालून द्यावे लागले होते. आम्ही खोलीत काच धुवत असताना तो एकदा चिलमीला काडी मागायला दार उघडून थेट आत आला, आणि एक काच तिथेच संपली. तेव्हापासून ठरलं, की काच धुताना लावतो तो लाल दिवा, काचेला तेवढाच उजेड सोसतो, खोलीच्या कुडातून दिसतोय तोवर आमचं काम चालू आहे. तोवर काडी ओढायची नाही आणि खोलीकडे यायचं नाही. त्याने एकदा ऐकलं आणि पाळलं. माणसं दहादा ऐकून पाळत नाहीत, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

माघाची अमावास्या आली तेव्हा डब्यात एक काच उरली होती. भिंग न्यायला फोटोवाल्याचा निरोप आला होता. हरभरा पिवळा पडला होता, चार दिवसांनी सोंगणी. अंधार पडताच मृग डोक्यावर यायचा, म्हणजे रात्रभर जागायचीही गरज नव्हती. जेवणाआधी बसलं की दोन तासांत काम आटोपणार. दव नव्हतं. वारा नव्हता. ह्यांना खोकला नव्हता. एवढं सगळं जुळून आलेलं बघून मला धडकी भरली. मी सूर्य बुडायच्या आधीच बांधावर गेले.

"दामजी, आज शेकोटी नको. डबाही नको. मी हाक मारेपर्यंत."

तो लाकडं रचत होता. "आनि डुकरं उनात तं?"

"एवढ्या लवकर येत नाहीत."

"डुकरं काय घड्याळ दखीसन येतस का बाई?"

मी हात जोडले. खरोखरच जोडले. म्हटलं, एकच काच उरलीय, ही गेली की संपलं. मी हाक मारते, मग तू हवी तेवढी आग लाव. रचलेली लाकडं त्याने पायाने बाजूला सारली.

"बरं. तुमी हाक मारतस तोपावत काडी लावाव नही. जबान शे."

त्या रात्रीविषयी मला चिडून काहीही लिहिता येत नाही, एवढी ती चांगली होती. सगळं वावर काळंभोर. तारा तंतूंच्या मध्यावर येऊन बसला तो जणू मीच तिथे खिळा ठोकला होता. सुरुवातीला मी श्वास मोजत होते, मग मोजायचं विसरले, मग हात माझा आहे हेही विसरले. दीड तास झाल्याचं ह्यांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं अर्धा झाला असेल. भिंग झाकलं, काच छातीशी धरून खोलीत नेली, लाल दिवा लावला. विहिरीचं पाणी हाडं गोठवणारं. औषधात काच हलवत राहिले, आधी काहीच नाही, मग बाणाचे तीन ठिपके आले, मग त्यांच्याखाली एक काळपट फूल हळूहळू उमलत गेलं, कडेला पंख पसरल्यासारखं, हरभऱ्याच्या दाण्याएवढं. मी रडले. ह्यांनीही डोळे पुसले आणि विश्वाच्या अफाटपणाविषयी बोलायला सुरुवात केली, आणि मी पहिल्यांदाच त्यांना बोलू दिलं. काच धुऊन वाळायला ठेवली. थंड भाकरी गुळाशी खाल्ली आणि आम्ही आडवे झालो. डबा वाजत नव्हता, कुणी ओरडत नव्हतं. चार महिन्यांत इतकी गाढ झोप मला लागली नव्हती. झोपताना मनात आलेलंही आठवतं: आज किती शांत आहे.

तो फोटो कागदावर उतरवून ह्यांनी चौकटीत घातला आणि बैठकीत लावला. येणारा प्रत्येक पाहुणा बुरसा आलाय म्हणून सांगतो. वकीलसाहेबांनी तर जवळ जाऊन नखाने खरवडून पाहिलं. मी समजावत नाही, चहा टाकायला आत जाते. हे मात्र समजावतात, हातवारे करून, आणि शेवटी अभिमानाने म्हणतात की दीड तास तारा हिने धरला होता, एकटीने. पाहुणे माझ्याकडे बघतात. मला बशी फेकून मारावीशी वाटते, कुणाला ते ठरवता येत नाही.

कारण फोटो काढला त्याच्या दुसऱ्या सकाळी आरडाओरड्याने जाग आली. उन्हं आली होती. हरभऱ्याचं वावर नांगर फिरवल्यासारखं उलथंपालथं झालेलं. घाटे चघळून टाकलेले, झाडं मुळांसकट वर. डुकरांनी नदीच्या बांधापासून विहिरीच्या वाटेपर्यंत एकेक वाफा चाखून पाहिला होता. मगनकाका मधोमध उभे, आणि समोर दामजी. त्याच्या पायांना धसकटं लागून रक्त आलं होतं, हात कोपरापर्यंत मातीने भरलेले. रात्रभर तो अंधारात धावून ढेकळं मारत होता. ओरडलाही नव्हता.

"जपी गया व्हशीन तू!" रात्री झोपून गेला असशील, असा काकांचा आरोप.

"जपनू नही."

"मंग शेकोटी काब्र नही पेटाडी? डबा काब्र नही वाजाडा?"

"जबान दिधेल व्हती."

"कोले?"

दामजी हातांवरची माती खरवडू लागला. मी पुढे झाले. म्हटलं, काका, मला. मीच त्याला सांगितलं होतं, शेकोटी लावू नको म्हणून, फोटो काढायचा होता म्हणून. चूक माझी आहे, त्याची नाही. काकांनी माझ्याकडे इतक्या मायेने बघितलं की मला संताप आला.

"मास्तरीनबाई, तुमनं मन मोठं शे. पन गरीबले वाचाडासाठे आशे खोटं नका बोला. फोटूसाठे कोनी शेकोटी बंद ठेवस का?"

मी धावत जाऊन काच आणली. पुरावा म्हणून. ती त्यांनी उन्हाकडे धरली. स्वच्छ काच, आणि तिच्यावर बारीक काळे ठिपके, मध्ये एक मोठा.

"याले तं माश्यास्नी घान करी टाकेल शे," काका म्हणाले. "राखोडी लाईसन धोई टाका. काच चांगली शे."

सकाळभर मी बोलत होते. ह्यांना पुढे केलं, तर हे तेजोमेघ म्हणजे काय तिथून सुरुवात करून बसले. आयुष्यात मी इतकं खरं कधी बोलले नव्हते, आणि जितकं बोलावं तितकी माझ्या दयाळूपणाची कीर्ती वाढत गेली. शेवटी काकूंनी आमच्यासाठी चहा पाठवला. रात्री शेकोटी न पेटवणारा रखवालदार कुणी ठेवत नाही. शिमग्याला अजून पंधरवडा होता, पण दामजीला काकांनी त्याच सकाळी जायला सांगितलं, आणि पुढच्या वर्षी येऊ नको म्हणूनही सांगितलं. वाईट माणूस नव्हता तो. त्याने फक्त खरं वाटण्याजोगं होतं तेवढंच खरं मानलं.

भिंग सुरतेला गेलं. आम्ही पुन्हा त्या वावरात गेलो नाही. दोन वर्षांनी शाळेच्या कामासाठी ह्यांना अक्कलकुव्याला जायचं होतं, तेव्हा मी हट्टाने बरोबर गेले आणि खापरच्या बाजारात दामजीची चौकशी केली. त्या नावाची माणसं तिथे गल्लोगल्ली होती. कोणता दामजी, असं लोक विचारत, आणि मला त्याचं गाव माहीत नव्हतं. चार महिने मी त्याच्याकडे रोज तक्रार घेऊन गेले, पण तुझं गाव कोणतं, एवढं एकदा विचारलं नव्हतं.

आता उरलेलं सांगते. काकांशी मी खरं तेच बोलले असं वर लिहिलं आहे. ते तितकंसं खरं नाही. शेकोटी लावू नको असं मी म्हणाले, हे सांगितलं. हाक मारायची विसरले, हे सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही आणि माझी जीभ उचलली नाही. ह्यांनाही कधी सांगितलं नाही, आज पहिल्यांदा लिहिते आहे. हाक मारायची विसरले, आणि लाल दिवा मालवायचीही विसरले. तो सकाळपर्यंत खोलीत जळत होता.

दामजी निघाला तेव्हा मी त्याच्यामागे बांधापर्यंत गेले. घोंगडी खांद्यावर, डबा त्याने विहिरीपाशी ठेवून दिलेला. त्याला सांगायचंच असं ठरवून गेले होते. वाक्यही जुळवलं होतं. माझी चाहूल लागली तसा तो थांबला.

"बाई, फोटू उना का?"

"आला."

"चांगला उना?"

"हो."

त्याने मान डोलावली. बरं वाटलं असावं त्याला. मग माझ्या हातांकडे बघितलं.

"लाल दिवा मी दखी ऱ्हायंतू. सकाळपावत जळत व्हता. मी म्हनं, बाई आजून बठेल शे, मीबी बठस. रातभर तारा धरी ठेवा तुमी. हात दुखी ऱ्हायना व्हई ना?"

माझे हात दुखत नव्हते. मी पोटभर झोपले होते.

"हो," मी म्हटलं, "दुखतायत."